पेडण्याच्या भाटात ट्रेलर लावायची जागा: तीन सीझन राहून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, जागेचं नाव टाकणार नाहीये. एक तर पुढे मी तक्रारी बऱ्याच करणार आहे आणि भाटकार काका (भाट म्हणजे बागायत, तिचे मालक ते भाटकार) माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, आणि दुसरं खरं कारण म्हणजे नाव टाकलं की पुढच्या ऑक्टोबरला आमच्याच कोपऱ्यात दुसऱ्या कुणाची गाडी उभी दिसेल. पेडणे तालुका, केरीच्या अलीकडे, एवढं पुरे. (गोव्यात केरी तीन आहेत, सत्तरीची नव्हे आणि फोंड्याचीही नव्हे, समुद्राची केरी. आमचे एक पाहुणे पहिल्या वर्षी मॅप लावून थेट सत्तरीच्या केरीला पोचले होते, तिथून फोन करून समुद्र कुठाय विचारत होते.)

तर जागा म्हणजे माडांचं आणि थोडं काजूचं भाट, समुद्रापासून चालत दहा-बारा मिनिटं, त्यात ट्रेलर आणि व्हॅन लावायला चौदा ओटे. ओटे म्हणजे चिरे मांडून केलेली सपाट जागा, वर काँक्रीट नाही, कारण कायमचं काहीच बांधायचं नाही, जे कराल ते काढता आलं पाहिजे ही काकांची पहिली अट. सीझन १ ऑक्टोबर ते ३१ मे, किनाऱ्यावरच्या शॅकांसारखाच मेअखेर गाशा गुंडाळायचा. जून ते सप्टेंबर राहायचं नाही, पण गाडी तिथेच उंच बाजूला झाकून ठेवता येते, त्याचे वेगळे पैसे. आम्ही सीझनचे ६०,००० देतो आणि पावसाळ्याच्या पार्किंगचे ६,०००, लाईट मीटरप्रमाणे वेगळी. महाग की स्वस्त ते तुम्ही ठरवा. आम्ही डिचोलीचे, शनिवारी दुपारी निघालो की अस्नोडा, कोलवाळचा पूल, पेडणे करत दीड तासात पोचतो, त्यामुळे महिन्यातले तीन वीकेंड तरी नक्की होतात.

आमचा ट्रेलर पुण्याच्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतलेला, बारा फुटी, वरून पत्रा आतून प्लायवूड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रेलरला पण वेगळी आरसी आणि वेगळी नंबरप्लेट लागते, आणि दुसऱ्या राज्यातला असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी घेऊन इथे परत रजिस्टर करावा लागतो, सौदा करायच्या आधी हे कागद बघा, रंग नंतर बघा. मी रंग बघितला होता. निळा-पांढरा, इतका गोड दिसत होता की छतावर चढून बघायचं सुचलंच नाही, आणि तिथूनच माझे वीकेंड सुरू झाले.

एक गोष्ट मला तीन सीझनमध्ये कळली ती आधी सांगून टाकते. असली जागा बघायला लोक डिसेंबर-जानेवारीत येतात. तेव्हा हवा छान असते, माडांतून ऊन खाली येत असतं, कुणीतरी चूल पेटवून बांगडे भाजत असतं, आणि मग कुणालाही वाटतं की आपला पण एक ट्रेलर असावा. तसं बघू नका. जागा बघायची तर ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडला आणि मेच्या शेवटच्या वीकेंडला. जानेवारीत गोव्यातली कुठलीही जागा चांगलीच असते हो.

आमचा पहिला ऑक्टोबर सांगते. दार उघडलं तर आत जो वास आला तो ओल्या गोणपाटाचा, त्यात उंदराच्या लेंड्यांचा. सीटखालची वायर कुरतडलेली, गादीचा एक कोपरा हिरवा, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला बुरशीची अशी नक्षी की मुलीला वाटलं कुणी रंगवलंय. करारात 'पावसात शेडखाली' असं होतं. शेड होती, पत्र्याची, पण दोन पत्रे मधूनच गायब आणि आमचा ट्रेलर नेमका त्या भोकाखाली. काकांना दाखवलं तर ते वर बघून म्हणाले, "कांय जायना गो बाय, वतांत सुकता." म्हणजे काही होत नाही, उन्हात सुकेल. हे 'कांय जायना' पुढे पुष्कळदा येणार आहे, लक्षात ठेवा.

सुकलं खरं, पण छत गळतच होतं. नोव्हेंबरात एका रात्री अवेळी सर आली आणि थेंब बरोब्बर माझ्या उशीवर. सकाळी उशीच्या वरची जागा बघून सिलिकॉनची ट्यूब मारली. पुढच्या पावसात परत गळलं, परत ट्यूब मारली. असं तीनदा केलं, जुन्यावर नवीन, नवीनवर नवीन, छताचा तो कोपरा केकवर आयसिंग केल्यासारखा दिसायला लागला होता.

शेवटी शेजारच्या ओट्यावरचे बेळगावचे काका (रिटायर्ड, आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलेलं, यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं) शिडी घेऊन आले आणि दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला कुठल्या व्हिडिओत आधी मिळाल्या असत्या तर तीन ट्यूबा आणि एक उशी वाचली असती. एक, सिलिकॉनवर सिलिकॉन चिकटत नाही, जुनं पूर्ण खरवडून, थिनरने पुसून, सुकवूनच नवीन लावायचं. दोन, पाणी जिथे पडतं तिथून ते आत येत नसतं. पत्र्याखाली प्लाय आहे, पाणी एका ठिकाणी शिरतं, प्लायवरून उतारानं चालत जातं आणि वाटेल तिथे खाली उतरतं.

मग रविवारी सकाळी आम्ही शोधायला बसलो. नवरा आत टॉर्च आणि पेपर घेऊन, मी वर तांब्या आणि बादली घेऊन. पाणी खालच्या बाजूकडून सुरू करायचं, एकेक हात वर सरकत, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन तांबे ओतून पाच मिनिटं थांबायचं. वरूनच ओतलं तर सगळीकडे पाणी होतं आणि काही कळत नाही. खिडकीच्या पट्टीवर ओतलं, आतून काही नाही. कडेच्या रिव्हेटवर ओतलं, काही नाही. साडेदहापर्यंत माझी मान भाजून निघाली आणि आतून आवाज आला "आलं गो आलं!", तेव्हा मी छतावरच्या हवेच्या झडपेजवळ होते, म्हणजे उशीपासून पाच फूट लांब. झडपेच्या चौकटीचा एक स्क्रू गंजून त्याचं डोकंच उडालेलं, आणि त्या भोकातून पाणी शांतपणे चालत माझ्या डोक्यापर्यंत येत होतं. सगळे स्क्रू काढले, ३१६ स्टेनलेसचे घातले (३०४ पण चालतात, पण समुद्राच्या इतक्या जवळ त्यांच्यावरही तांबूस डाग येतात), खाली ब्यूटाइल टेप, वर पॉलीयुरेथेन सीलंट. त्यानंतर दोन पावसाळे गेले, उशी कोरडी आहे. हार्डवेअरवाल्याकडे मी आता थेट आत जाऊन सामान काढते, तो नुसतं बिल करतो.

आता विजेचं, आणि हे जरा गंभीर आहे म्हणून लांब लिहिते.

दोन ओट्यांना मिळून एक लाकडी फळी, तिच्यावर १६ अँपिअरचा एक सॉकेट आणि एक साधा. पहिल्या सीझनला फेब्रुवारीत एक दिवस मुलगी अंघोळ करून अनवाणी ओल्या मातीवर उभी राहून दाराला हात लावते आणि म्हणते, आई दार चावतं. मला वाटलं पत्र्याची धार लागली. मी हात लावला, चप्पल होती पायात, काही नाही. चप्पल काढून लावला आणि झिणझिण कोपरापर्यंत गेली. टेस्टर दाराच्या कडीला टेकवला तर आतला दिवा पेटला. दाराच्या कडीला! म्हणजे अख्ख्या ट्रेलरचं अंग करंट घेऊन उभं होतं आणि आम्ही आत झोपत होतो.

कारण साधं निघालं. आमच्या जुन्या फ्रिजमधून थोडा करंट बॉडीला येत होता, तो जमिनीत जायला हवा, पण फळीवरच्या सॉकेटची अर्थिंगची वायर मागे कशालाच जोडलेली नव्हती, नुसती वळवून टेप मारलेली. घरी भिंती असतात, लाकडी दार असतं. इथे आपण पत्र्याच्या डब्यात, टायर रबराचे, खाली ओली माती. काकांना सांगितलं. तुम्हाला माहितीय ते काय म्हणाले.

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. बेळगावच्या काकांनी मध्ये पडून समजावलं, आणि मग आम्ही सात-आठ कुटुंबांनी पैसे काढून पेडण्याहून इलेक्ट्रिशियन आणला, कोळसा-मीठ घालून खड्डा, रॉड, सगळ्या फळ्यांना अर्थिंग. शिवाय प्रत्येकाने आपापल्या ट्रेलरमध्ये ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) बसवली. काकांनी पुढच्या भाड्यातून अर्धा खर्च वळता केला, हे पण लिहायला पाहिजे, तक्रार करते तर ते पण सांगायला पाहिजे. पण हे काम भाडेकरूंनी करायचं नसतं. तुम्ही कुठल्याही अशा जागेत गाडी लावायला जाल तर भाडं ठरवायच्या आधी एक पाच मिनिटांचं काम करा, सॉकेट टेस्टर मिळतो तो सॉकेटमध्ये घालून बघा, आणि आरसीसीबी असेल तर तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का बघा. दर महिन्याला दाबा, नुसती बसवून उपयोग नाही.

गॅसबद्दल पण एक. आम्ही ५ किलोचा सिलिंडर वापरतो. ट्रेलर विकणाऱ्याने मोठ्या अभिमानाने दाखवलं होतं की किचनमध्ये वर व्हेंट आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो हो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो, वरच्या व्हेंटने धूर जाईल, गॅस जाणार नाही. सिलिंडरच्या कप्प्यात तळाला हाताच्या पंजाएवढं भोक पाडून त्याला जाळी बसवली (जाळी उंदरासाठी), हे माझं सगळ्यात स्वस्त प्रोजेक्ट, ड्रिल मशीन बेळगावच्या काकांचंच.

बाकी वीकेंडला काय काय केलं त्याची यादी काढली तर नवरा म्हणेल, म्हणूनच घर कधी साफ होत नाही. पोफळीच्या रिपा चिऱ्यांवर टाकून बसायला ओटा केला, वर झापांचं (माडाची पानं विणून केलेलं) छप्पर. झाप विणायला काकांच्या सुनेने शिकवलं, माझे झाप अजून तिच्या झापांशेजारी लावले की लाज वाटते, तिचे घट्ट आणि माझ्यातून ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी खाली येतं, पण ते ठिपके दुपारी चटईवर हलतात ते मुलांना आवडतं. नवऱ्याचं प्रोजेक्ट एकच, स्वयंपाक. माशांची कोळंबी-बांगडे-तिसऱ्यांची सगळी खरेदी तो करतो, शनिवारी रात्री शीत-कडी, रविवारी सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की पोळी (गोव्याचा पाव, चपाती नव्हे) घ्यायला पळतो, आणि मार्च-एप्रिलला हुर्राक (काजूची हंगामी दारू) सुरू झाला की त्याच्या प्रोजेक्टचा वेग वाढतो आणि माझ्या प्रोजेक्टमधली त्याची मदत कमी होते.

शेजार हा या जागेचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. कोल्हापूरचं एक कुटुंब दर दिवाळीला येतं आणि परत जाताना सगळ्यांना तांबड्या रश्श्याचा मसाला देऊन जातं. एक वर्ष जर्मनीहून रस्त्याने आलेलं म्हातारं जोडपं दोन महिने होतं, त्यांची व्हॅन इतकी नीटनेटकी की मी नवऱ्याला बघायला पाठवलं, शिकायला. ते सांगत होते की त्यांच्याकडे आणि अमेरिका-कॅनडात अशा सीझनच्या जागा थंडीत बंद होतात, आणि बंद करताना नळातलं सगळं पाणी काढावं लागतं, नाहीतर पाण्याचा बर्फ होऊन पाइप फुटतात. मी म्हटलं आमच्याकडे पाणी काढायचं नाही, पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढाच फरक.

पाण्यावरून आठवलं. विहिरीचं पाणी मार्चपर्यंत गोड, एप्रिलपासून चहा खारट व्हायला लागतो, मेमध्ये तर दूध फाटतं की काय अशी शंका. समुद्र जवळ आहे, विहिरीची पातळी खाली गेली की खारं पाणी आत सरकतं, त्यात काकांचा दोष नाही. पण 'चोवीस तास गोडं पाणी' असं सांगून जागा देऊ नये ना. आम्ही एप्रिलपासून वीस लिटरचे कॅन नेतो. टॉयलेट चार सांगितले होते, दोन आहेत, स्वच्छ असतात, सकाळी रांग लागते. मच्छर आहेत. नेटवर्क ओट्यावर येत नाही, गेटजवळच्या फणसाखाली येतं, त्यामुळे फणसाखाली कायम कुणीतरी ऑफिसचा कॉल घेत उभं असतं.

आणि नारळ. माडांच्या भाटात ट्रेलर म्हणजे नारळ आलाच. करारात काकांनी स्वतः सांगितलं होतं की सीझनआधी आणि मध्ये एकदा पाडेलीला बोलावून सगळे तयार नारळ आणि सुकी चुडतं उतरवून घेऊ. दुसऱ्या सीझनला पाडेली आलाच नाही, आज येतो उद्या येतो करत डिसेंबर उजाडला आणि एका पहाटे छतावर असा आवाज झाला की मुलगा झोपेतून उठून पलंगाखाली गेला. पत्र्याला भगोण्याएवढा खळगा. माणसाच्या डोक्यावर पडला असता तर काय, हे मी काकांना विचारलं, तेव्हा मात्र ते 'कांय जायना' म्हणाले नाहीत, गप्प राहिले, आणि संध्याकाळी पिशवीभर नारळ आणून दिले. त्यातला एक बहुतेक तोच होता. खळगा अजून आहे, आत हातोडीने ठोकून थोडा वर आणलाय, पण त्यात पावसाचं पाणी साचू नये म्हणून तिथे ताडपत्री बांधताना मला एक जास्तीचा बांबू लावावा लागतो.

मेचा शेवटचा वीकेंड. हे काम बघूनच कळतं जागा कशी आहे ते. तौक्ते वादळ आठवत असेल, २०२१, मेच्या मध्यालाच आलं होतं, आम्ही तेव्हा ट्रेलरवाले नव्हतो पण डिचोलीत पण कित्येक दिवस लाईट नव्हती. त्यामुळे ३१ मेची वाट बघत नाही, २० तारखेनंतर कधीही बांधायला काढतो. गाद्या, बॅटरी, कपडे घरी. फ्रिजचं दार काठी लावून उघडं. टायरवरचं वजन काढायला जॅक लावून अॅक्सलखाली चिरे, चिऱ्यावर फळी ठेवायची, नाहीतर लोखंड थेट चिऱ्यावर आलं की चिरा भुगा होऊन गाडी एका बाजूला बसते, पहिल्या वर्षी बसली होती. ताडपत्री गच्च आवळायची नाही. सगळे नवीन लोक हीच चूक करतात, लाडू डब्यात भरल्यासारखा ट्रेलर गुंडाळतात आणि ऑक्टोबरात आत बुरशीचं शेत उगवतं. बांबूचा कणा करून त्यावर ताडपत्री तंबूसारखी सोडायची, दोन्ही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. आत दोन पसरट भांड्यांत कळीचा चुना ठेवते, दमट हवा ओढून घेतो, पण भांडं अर्धंच भरायचं कारण तो फुगतो, आणि मुलांना आणि पाण्याला त्याच्यापासून लांब ठेवायचं.

त्या दोन दिवसांत अख्खं भाट कामाला लागलेलं असतं. झाप उतरतायत, रिपा रचल्या जातायत, कोल्हापूरवाले नेहमी उशिरा येतात म्हणून त्यांची दोरी दुसरेच बांधतायत. वारा उलट्या दिशेने येऊ लागलेला असतो, किनाऱ्यावर शॅकवाले पण बांबू ओढत असतात, १ जूनपासून मासेमारी पण बंद म्हणून नवरा शेवटचे मासे दुप्पट आणतो. काका सगळ्यांकडे फिरून एकेक गाठ ओढून बघतात, सैल असेल तर परत बांधायला लावतात, "पावस येवचे पयलीं बांद गो." हा माणूस वर्षभर 'कांय जायना' करतो, मेमध्ये मात्र एकही गाठ सोडत नाही. गेल्या जुलैत त्यांनी स्वतःहून फोटो पाठवला, ताडपत्री जागच्या जागी, आणि ट्रेलरखाली एक कोंबडी पिल्लं घेऊन बसलेली. शेडचे दोन पत्रेही आता लागलेत, दोन वर्षं उशिरा का होईना.

मार्क द्यायचे तर शेजार पाच, मे महिना पाच, ऑक्टोबर अडीच, वीज आधी शून्य आता चार, टॉयलेट तीन, पाणी मार्चपर्यंत चार आणि पुढे दीड. ज्यांना वीकेंडला हात न हलवता आराम पाहिजे त्यांनी हॉटेल बुक करावं, खरंच, पैसे पण कदाचित कमी लागतील. हातात पाना घेऊन रविवार घालवायला आवडत असेल तर काकांना भेटा, सॉकेट टेस्टर बरोबर न्या.

आम्ही पुढच्या सीझनचा अॅडव्हान्स दिलाय. पावतीवर या वेळी पाडेलीची तारीख लिहून द्या म्हटलं मी. काकांनी पेन घेतलं, जरा वेळ वर माडाकडे बघितलं, पेन परत खिशात ठेवलं आणि म्हणाले, कांय जायना.